टेकूंवर उभ्या इमारती : फोर्टातल्या रिकाम्या व्यापारी वास्तूंचा आढावा

काळा घोडा चौकाजवळची एस्प्लनेड मॅन्शन मुंबईकरांनी बहुतेक खालूनच पाहिलेली असते. सत्र न्यायालयाकडे जाताना मान वर केली की बिडाचे खांब दिसतात, त्यांना जोडलेले बिडाचेच सज्जे दिसतात, आणि सज्ज्यांच्या मागे कुणी लाकडी फळ्यांनी तर कुणी पत्र्याने बंद केलेली तोंडं. 2019 मध्ये म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, ही इमारत रिकामी करून घेतली. आत वकिलांची ऑफिसं होती, छोटी दुकानं होती, टंकलेखनाची आणि झेरॉक्सची कामं चालायची. शंभरच्या आसपास गाळेधारक होते. तेव्हापासून या एका इमारतीवरून जो वाद चालला आहे, त्यात फोर्टातल्या जुन्या व्यापारी वास्तूंचे जवळजवळ सगळे प्रश्न आलेले आहेत. त्या विकायच्या का, विकल्या तर कोणत्या अटींवर, दुरुस्त करायच्या की पाडायच्या, खर्च कुणी करायचा, आणि आत पिढ्यान् पिढ्या बसलेल्या माणसांचं काय. हा आढावा त्या प्रश्नांचा आहे. एस्प्लनेड मॅन्शन वारंवार येईल, कारण सगळ्या बाजू तिच्यापाशी एकमेकींना भिडतात.

इमारती आल्या कुठून

1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मुंबईला एकदम मोकळी जमीन मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खेळू लागला. 1865 मध्ये तो फुगा फुटला. तरी तोवर नव्या शहराची आखणी झाली होती आणि बांधकामं पुढे चालूच राहिली. वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, त्या वेळचं. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने त्याची रचना केली. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि 1867 ते 1869 या काळात इथे जोडले. बाहेरून दिसणारा सांगाडा बिडाचा, मधे विटांचा भराव, आत लाकडी तक्तपोशी. बिडाच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या बहुमजली इमारती जगात आज मोजक्याच उरल्या आहेत.

याच हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर त्या खेळाला हजर होते असं सांगितलं जातं. पुढे 1899 मध्ये त्यांनी कुस्तीचं चित्रण केलं आणि भारतीयाने केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रणांत ते मोजलं जातं. मराठी वाचकाला या इमारतीशी जोडणारा धागा हा आहे, आणि ती पाडण्याच्या चर्चेत तो अनेकदा सुटतो.

हॉटेल बंद पडल्यावर इमारतीचं नाव बदललं, मालक बदलले, आणि खोल्यांचे गाळे झाले. फोर्टातल्या इतर व्यापारी इमारतींच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आलं. तळाला पेढी, वर ऑफिसं, त्यांच्याही वर पोटमाळे. रस्त्यालगत कमानींची ओवरी असल्यामुळे पावसाळ्यात माणूस कोरडा राहून दुकानं पाहू शकतो. दादाभाई नौरोजी रस्त्यावर अजूनही हा अनुभव घेता येतो.

रिकामेपणाची कारणं

इमारत एका दिवसात ओस पडत नाही. त्यामागे किमान तीन कारणं काम करत असतात.

पहिलं कारण भाड्याचं. युद्धकाळातली टंचाई लक्षात घेऊन 1947 मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने भाडी 1940च्या पातळीला बांधली. टंचाई तात्पुरती होती, कायदा मात्र अर्धशतक टिकला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या असल्याचं म्हटलं. मग 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली, बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या गेल्या, आणि पागडीला, म्हणजे गाळ्याच्या हक्कासाठी मोजल्या जाणाऱ्या रकमेला, कायद्यात जागा मिळाली. पण 4 टक्क्यांनी फारसं साधत नाही. शंभर रुपये भाडं असलेल्या गाळ्याचं भाडं पंचवीस वर्षांनी पावणेतीनशेच्या आत राहतं. तेवढ्या रकमेत मजल्यावरची गळकी मोरीही दुरुस्त होणार नाही.

दुसरं कारण जबाबदारीच्या वाटणीचं. मालकाला दुरुस्तीत रस नाही, आणि भाडेकरूला आपल्या चौकटीबाहेरच्या भिंतीत रस नाही. मधल्या काळात गाळा दोन-तीनदा पागडीवर फिरलेला असतो, पोटमाळा चढलेला असतो, शौचालय नको तिथे आलेलं असतं. बीड दाबाला भक्कम असतं, पण ताण आणि धक्का त्याला सोसत नाही, तडा गेला तर साध्या वेल्डिंगने ते नीट सांधत नाही. अशा सांगाड्याच्या सांध्यांत वर्षानुवर्षं पाणी मुरलं की काय होतं, ते 2005 च्या पावसाळ्यात दिसलं. एस्प्लनेड मॅन्शनचे सज्जे कोसळले आणि एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2006 साठी केलेल्या जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ती होती.

तिसरं कारण धंद्याचं स्थलांतर. आधी नरिमन पॉइंट आलं, मग वांद्रे-कुर्ला संकुल. मोठ्या कंपन्यांना सलग मजले, वाहनतळ आणि लिफ्टची खात्री हवी होती, आणि फोर्टातल्या लाकडी जिन्यांच्या इमारती ती देऊ शकत नव्हत्या. न्यायालयं मात्र जागच्या जागी राहिली, म्हणून वकील राहिले. वकिलांमुळे टंकलेखक, स्टॅम्पविक्रेते आणि खाणावळी राहिल्या. फोर्ट पूर्ण रिकामा का झाला नाही, याचं उत्तर बरंचसं यात आहे.

चार बाजू

मालकांचं आणि विकासकांचं म्हणणं आधी मांडतो, कारण सार्वजनिक चर्चेत ते बहुधा वाईट माणसांचं म्हणणं म्हणून बाजूला सारलं जातं. ते म्हणतात, भाडं गोठवलं तुम्ही, वारसा यादीत नाव घातलं तुम्ही, आणि दुरुस्ती आम्ही करायची. 1995 मध्ये बृहन्मुंबईची वारसा नियमावली आली, देशात शहरपातळीवरची ती पहिलीच. इमारतींना श्रेणी मिळाल्या आणि बाह्यरूप बदलायला वारसा समितीची संमती लागू लागली. त्या बदल्यात वापरता न आलेला बांधकाम हक्क टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून विकण्याची सोय ठेवली होती. मालकांची तक्रार अशी की टीडीआरचा भाव बाजाराबरोबर खालीवर होतो आणि मंजुरीला वर्षं लागतात, गळती मात्र दर पावसाळ्याला येते. हे म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

भाडेकरूंची बाजू वेगळी आहे. त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पागडी मोजलेली आहे, कित्येकदा ती गाळ्याच्या त्या वेळच्या किमतीच्या जवळ जाणारी होती. म्हणजे भाडं कमी असलं तरी जागा फुकट मिळालेली नाही. शिवाय 1969च्या कायद्याने सुरू झालेला दुरुस्ती उपकर ते भरत आले. त्या वेळी उपकर लागू झालेल्या इमारतींची संख्या 19,642 होती, आणि त्यासाठी नेमलेल्या दुरुस्ती मंडळाच्या हाती असलेला पैसा त्या संख्येपुढे कधीच पुरला नाही. बाहेर काढताना दिलेला कागद हाती असलेल्या माणसाला परत येण्याची तारीख कुणी सांगत नाही. सत्र न्यायालयासमोर बसणाऱ्या वकिलाला गोरेगावात पर्यायी जागा दिली तर त्याचं अशील त्याच्यामागे गोरेगावला जात नाही. निवासी पुनर्वसनाचे नियम व्यावसायिकांना बसत नाहीत, हा या बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा आहे आणि त्यावर सर्वात कमी लिहिलं गेलं आहे.

वारसा-अभ्यासक आणि संवर्धन वास्तुविशारद म्हणतात की धोकादायक ही व्याख्या आधी तपासा. आरसीसीच्या नजरेने चुन्याची, लाकडाची, बिडाची इमारत पाहिली तर ती नापासच होणार. एस्प्लनेड मॅन्शनबाबत हा मतभेद उघड झाला. आयआयटी मुंबईच्या तपासणीत दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही, पाडणंच श्रेयस्कर असा निष्कर्ष निघाला, तर संवर्धनातल्या अनुभवी मंडळींनी टप्प्याटप्प्याने दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. एकीने आजच्या सुरक्षिततेचं मोजमाप लावलं, दुसरीने उरलेल्या आयुष्याचं. 2018 पासून फोर्टाचा काही भाग व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे इथली एक इमारत पडली की तो प्रश्न मुंबईपुरता राहत नाही.

चौथी बाजू सरकारी यंत्रणेची, आणि ती एकसंध नाही. म्हाडाला जीवितहानीची धास्ती, महापालिकेला रस्त्याची, वारसा समितीला दर्शनी भागाची. म्हाडा कायद्यात घातलेल्या 79 अ कलमाला 2022 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीचा प्रस्ताव मालकाने सहा महिन्यांत आणावा, नाहीतर भाडेकरूंनी, तेही जमलं नाही तर म्हाडाने ती ताब्यात घ्यावी, अशी ती पायरी आहे. ती पुनर्बांधणीसाठी आखलेली आहे. जपायच्या इमारतीसाठी तशी पायरी अजून नाही.

जिथे जमलं तिथे काय होतं

हुतात्मा चौकातली इस्माईल बिल्डिंग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. दुरुस्तीनंतर ती एका परदेशी कपड्यांच्या ब्रँडने भाड्याने घेतली आणि 2017 मध्ये तिथे दुकान उघडलं. महिन्याचं भाडं सव्वादोन कोटी असल्याच्या बातम्या आल्या. 2025 मध्ये ते दुकान उठलं आणि पाठोपाठ दुसरी, भारतीय फॅशन कंपनी आली. म्हणजे भाडेकरू बदलला, इमारत ओस पडली नाही. त्या भाड्याची तुलना पलीकडच्या गल्लीतल्या पागडीच्या गाळ्याशी केली तर दोन्ही इमारती एकाच शहरात आहेत यावर विश्वास बसत नाही.

हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये ऑक्टोबर 2012 मध्ये एका अमेरिकी कॉफी साखळीचं देशातलं पहिलं दुकान उघडलं. इमारत टाटा समूहाचीच होती आणि त्या साखळीचा भारतातला भागीदारही तोच समूह. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस 1993 ला बंद पडलं ते 2016 मध्ये उघडलं. ते गोंडलच्या राजघराण्याकडे होतं आणि त्यांच्याकडेच राहिलं, विक्री झालीच नाही. आभा नारायण लांबा यांनी केलेल्या या कामाला 2017 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. चर्चगेटसमोरचं इरॉस 1938चं, बाराशे खुर्च्यांचं. 2017 मध्ये ते बंद झालं. मधे ते पाडत असल्याची आवई उठली आणि लोक हळहळले. 2024 मध्ये ते आयमॅक्स होऊन परतलं, खुर्च्या तीनशेच्या आसपास. पडदा वाचला, सभागृहाची जुनी मापं गेली. याला संवर्धन म्हणायचं की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला स्वतःला वाटतं की पूर्वीच्याच कामासाठी दार पुन्हा उघडलं, ही मोठी गोष्ट आहे.

विक्रीचं ठळक उदाहरण कोलकात्यात सापडतं. ग्रेट इस्टर्न हॉटेल 1840च्या सुमाराचं, शहराच्या ऐन मध्यवस्तीत. तोट्यात गेल्यावर 1975 मध्ये राज्य सरकारने ते हाती घेतलं, आणि 2005 मध्ये खासगी हॉटेल कंपनीला विकलं. ते पुन्हा उघडायला 2013 उजाडलं. विकण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन मोकळं केलं होतं. डाव्या आघाडीच्या सरकारने हे केलं, यावरून तिथे पेच किती बिकट होता ते कळतं.

सरकार विकत घेणारं झालं असंही घडलं आहे. नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत 1974 ची, वारसा म्हणण्याइतकी जुनी नाही. विमान कंपनी गेल्यावर बरीचशी रिकामी झालेली ही इमारत राज्य सरकारने 1,601 कोटी रुपयांना घेतली. मंत्रालयाला जागा कमी पडते म्हणून ती घेतली. पण या निमित्ताने एक मुद्दा पुढे आला. सरकार भाड्याने जागा घेतच असतं, ती ऑफिसं फोर्टातल्या दुरुस्त केलेल्या वास्तूंत का नकोत?

या सगळ्या उदाहरणांत एक साम्य आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी मालकी एका हातात होती आणि काम सुरू होताना इमारत मोकळी होती, किंवा मोकळी करून घेता आली. म्हणून या यशोगाथा एस्प्लनेड मॅन्शनला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तिथे शंभर हक्कदार आहेत.

बाहेरचा अनुभव

डेट्रॉइटचा बुक टॉवर 1926 चा, 38 मजली. शहराची पडझड होत गेली आणि 2009 मध्ये तो पूर्ण ओस पडला. 2015 मध्ये एका स्थावर मालमत्ता कंपनीने तो घेतला, 30 कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि 2023 मध्ये तो घरं, हॉटेल आणि ऑफिसं घेऊन उघडला. अमेरिकेत नोंदणीकृत ऐतिहासिक व्यापारी इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चाच्या 20 टक्के इतकी सूट केंद्रीय प्राप्तिकरातून मिळते. 2017च्या बदलानंतर ती पाच वर्षांत विभागून मिळते. तपासणी मात्र काटेकोर असते, ठरलेल्या मानकांत काम बसलं नाही तर सूट जाते. या व्यवस्थेवर टीकाही आहे. कर बुडतो आणि लाभ मोठ्यांना जास्त पोचतो, असं तिथलेच लोक म्हणतात. तरी खर्च आणि बाजारमूल्य यांच्यातली तूट कुणीतरी उघडपणे उचलते, हा तिचा गुण.

सिंगापूर आपल्याला जास्त जवळचं, कारण तिथेही युद्धानंतर भाडी गोठली होती आणि जुनी दुकानघरं ढासळत होती. 1989 मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, काम्पोंग ग्लाम हे भाग संवर्धनक्षेत्रं जाहीर झाले. भाडे नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवलं गेलं आणि 2001 मध्ये संपलं. आज तिथे सात हजारांहून जास्त इमारती जपलेल्या आहेत. पण जुने भाडेकरू, शिंपी, औषधी मुळ्या विकणारे, मोठ्या संख्येने गेले. इमारत राहिली, तिच्यातला व्यवसाय बदलला. मुंबईतला भाडेकरू सिंगापूरचं नाव ऐकून घाबरतो, त्यामागे हे कारण आहे.

न सुटलेलं

पहिला प्रश्न दुरुस्तीच्या पैशाचा. मालकाकडून तो येणार नाही, उपकरातून येणार नाही, टीडीआरने अधूनमधून येतो. वारसा इमारतीच्या दुरुस्तीखर्चावर प्राप्तिकरात सूट, मालमत्ता करात कपात, मुंबईपुरता वारसा निधी अशा सूचना होत आल्या आहेत. त्यांची एकमेकींशी सांगड घालून मांडलेला हिशेब अजून दिसलेला नाही.

दुसरा प्रश्न विक्रीच्या अटींचा. आज रिकामी वारसा इमारत विकली गेली तर करारात किंमत असते, ताब्याची तारीख असते, पण दुरुस्तीची मुदत नसते. वारसा समिती काय करू नये ते सांगू शकते, काय करावंच लागेल ते सांगू शकत नाही. विकत घेणाऱ्याने पाच वर्षं इमारत तशीच गळू दिली तर पाडण्याचा अहवाल आपोआप तयार होतो. कोणत्याही बाजूला यावर समाधानकारक उत्तर नाही, आणि या आढाव्यातली मला सर्वात जास्त खुपणारी जागा ही आहे.

तिसरा प्रश्न अहवालांचा. धोकादायक ठरवताना बीड, चुना आणि सागवान यांचा जाणकार अभियंता तपासणीत असलाच पाहिजे, असा नियम करण्याला आता फारसा कुणाचा विरोध दिसत नाही. तरीही तो झालेला नाही.

चौथा प्रश्न हक्काचा, आणि त्यावर कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवली आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, त्याखालच्या जमिनीशीही तो जोडलेला असतो. याचा अर्थ पाडून प्रश्न मोकळा होईल ही समजूत टिकत नाही. इमारत ठेवली तरी शंभर जणांशी बोलावं लागेल, पाडली तरी लागेल. मग बोलणी आधी का सुरू होत नाहीत, हे वकिलांना विचारलं तर ते म्हणतात की बोलायला समोर कोण आहे तेच ठरत नाही. मालक, म्हाडा, महापालिका, वारसा समिती यांपैकी कोणाच्याही सहीने काम पूर्ण होत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा कफ परेडपर्यंत सुरू झाला आणि हुतात्मा चौकाला स्टेशन मिळालं. फोर्टात पोचणं सोपं झालं, जागांना पुन्हा मागणी येईल असं दलाल सांगतात. काही वकिलांनी एस्प्लनेड मॅन्शन सोडल्यावर आसपासच्याच इमारतींत सहा-आठ फुटांच्या जागा घेतल्या आहेत. त्यांच्या लेटरहेडवर दोन पत्ते असतात, सध्याचा वर आणि एस्प्लनेड मॅन्शनचा खाली, गाळा क्रमांकासकट.